लॅन मेसेंजरमध्ये अर्धं ऑफिस गायब: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

जिनिंगच्या गेटवरचा वजनकाटा आणि आतलं ऑफिस, सावदा-रावेरकडची केळीची पेढी आणि मागचं गोदाम, जळगावातली दालमिल, धुळ्यातलं सीएचं ऑफिस. खान्देशात अशा बऱ्याच ठिकाणी दहा-वीस कॉम्प्युटरांवर लॅन मेसेंजर, म्हणजे ऑफिसातल्या कॉम्प्युटरांमध्येच निरोप पाठवणारा प्रोग्राम, चालतो. गाडीचा नंबर, वजन, पावतीची फाइल आतल्या आत पाठवायला इंटरनेट लागत नाही आणि कामाच्या वेळी कोणाला मोबाइल काढावा लागत नाही, म्हणून मालकही खूश. मी अशी ऑफिसं सांभाळतो. "भाऊ, हाई चालस नही" असा फोन आला की तक्रार बहुतेक वेळा एकच असते: यादीत माणसं दिसत नाहीत.

ही पोस्ट तेवढ्याच बिघाडाची आहे. आयपी मेसेंजर, बीबीप, लॅन मेसेंजर (याच नावाचाही एक प्रोग्राम आहे) असे सर्व्हरशिवाय चालणारे प्रोग्राम आणि विंडोजचे कॉम्प्युटर धरून लिहिलं आहे.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं कोणतं आहे ते आधी ठरवा.

- एकाच कॉम्प्युटरवर यादी रिकामी, बाकी सगळ्यांचं ठीक.
- दोन गट पडलेत. पुढच्या खोलीतले एकमेकांना दिसतात, गोदामातले एकमेकांना. पण या गटाला तो गट दिसत नाही.
- वायरवाले दिसतात, वायफायवरचे लॅपटॉप दिसत नाहीत.
- लाइट जाऊन आली की काही जण गळतात.
- आपण यायच्या आधी जे चालू होते ते दिसतात, नंतर आलेले दिसत नाहीत. रिफ्रेश दाबलं की तेही येतात.
- सगळे दिसतात, पण चार-पाच मिनिटांत एकेक करून नाहीसे होतात.
- मेसेज जातो, फाइल जात नाही.

हे डोक्यात ठेवू नका, कागदावर लिहा. डावीकडे सगळ्या टेबलांची नावं, वर तीच नावं, आणि कोणाला कोण दिसतं तिथे खूण. पाच मिनिटांचं काम आहे. मी कुठेही गेलो तरी आधी हा कागद मागतो, कारण कोणत्या कॉम्प्युटरला हात लावायचा हे त्यावरूनच कळतं. "कोणालाच काही दिसत नाही" असं फोनवर सांगितलं जातं, आणि कागद भरला की निघतं की फक्त दिवाणजींच्या कॉम्प्युटरवर दिसत नाही.

टॅली चालते, मग नेटवर्क ठीकच ना?

नाही. मेसेंजर चालू होतो तेव्हा चौकात उभं राहून हाक मारावी तसा अख्ख्या नेटवर्कला "मी आलो" असं एकदम कळवतो. याला ब्रॉडकास्ट म्हणतात. ज्यांना ते ऐकू येतं ते त्याला यादीत घेतात आणि थेट त्याच्याच पत्त्यावर उत्तर पाठवतात, मग तोही त्यांना यादीत घेतो. टॅली, शेअर केलेलं फोल्डर, प्रिंटर यांना पत्ता आधीच माहीत असतो, त्यांचं काम थेट चालतं. त्यामुळे प्रिंट निघते, टॅली उघडते आणि तरीही मेसेंजर रिकामा असतो. हाक अडते त्या जागा वेगळ्या आणि थेट निरोप अडतो त्या वेगळ्या.

ही हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही, हेही लक्षात ठेवा. खाली दोनदा उपयोगी पडेल.

आधी प्रोग्रामच बघा

फुकटातली तपासणी, म्हणून पहिली. घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात मेसेंजरचं चिन्ह आहे का? खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्राम बंद झाला असं नाही, आणि कॉम्प्युटर चालू झाला म्हणजे प्रोग्रामही चालू झाला असंही नाही. दुसरं, सगळ्यांकडे एकच मेसेंजर आहे का? नवीन आलेल्या मुलानं नेटवरून वेगळाच मेसेंजर टाकलेला सापडतो. नावं सारखी वाटतात, पण हे प्रोग्राम एकमेकांची भाषा बोलत नाहीत. तिसरं, पोर्ट नंबर, म्हणजे मेसेंजर ज्या दारानं बोलतो त्याचा आकडा. आयपी मेसेंजरचा मूळ नंबर २४२५ आहे. कोणी सेटिंगमध्ये तो बदलला असेल तर तो कॉम्प्युटर एकटा पडतो. सगळीकडे एकच आकडा हवा, आणि सगळीकडे एकच आवृत्ती असली तर उत्तम.

यादीशी संबंध नाही, पण विचारलं नेहमी जातं, म्हणून इथेच सांगतो: मराठी मेसेजच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच इंग्रजी अक्षरं येत असतील तर नेटवर्क शोधू नका. प्रश्नचिन्हं आली तर बहुधा एका बाजूला फार जुनी आवृत्ती असते. भलती अक्षरं आली तर मजकूर युनिकोडमध्ये नाही, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून चिकटवला आहे. तो फॉन्ट मेसेंजरला कळत नाही, युनिकोडमध्येच टाइप करावं लागतं.

लाइट जाऊन आली असेल तर

आपल्याकडे हे कारण इतकं नेहमीचं आहे की मी ते पत्ते तपासायच्याही आधी विचारतो. लाइट येते, कॉम्प्युटर आणि राउटर एकदम चालू होतात. राउटरला पूर्ण जागं व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात कॉम्प्युटर त्याच्याकडे आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आपला नंबर) मागून थकतो. मग तो स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतो. असा कॉम्प्युटर १९२.१६८ वाल्या इतरांना दिसत नाही.

विंडोज अधूनमधून राउटरकडे पुन्हा मागणी करत राहतो, त्यामुळे थोड्या वेळानं पत्ता आपोआप सुधारतो आणि इंटरनेटही चालू होतं. पण आधीच उघडलेला मेसेंजर कधी कधी जुन्याच पत्त्यावर अडकून राहतो. म्हणून मेसेंजर पूर्ण बंद करा. कोपऱ्यातल्या चिन्हावर उजवं क्लिक करून बाहेर पडा, नुसती खिडकी मिटवू नका. मग पुन्हा उघडा. एवढ्यानं चाललं तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

कायमचा उपाय फार महाग नाही. राउटर आणि स्विच (सगळ्या वायरी जिथे जुळतात ती पेटी) यूपीएसवर घ्या. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि राउटर भिंतीतल्या बोर्डावर, अशी उलटी मांडणी मला दर दुसऱ्या ऑफिसात दिसते. राउटर-स्विचला वीज फार कमी लागते. सगळ्यांत आधी तेच जिवंत राहायला हवेत.

पत्ते जुळवा

आता कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही कमांड द्या. एकदा दिसत असलेल्या कॉम्प्युटरवर, एकदा न दिसणाऱ्यावर. दोन ओळी कागदावर उतरवा: आयपीव्ही४ पत्ता आणि सबनेट मास्क.

एक १९२.१६८.१.३४ आणि दुसरा १९२.१६८.०.१०२ असा असेल तर दोन गट का पडले ते कळलंच. मास्क २५५.२५५.२५५.० असताना पत्त्याचे पहिले तीन भाग सारखे हवेत. वेगळे आहेत म्हणजे मध्ये कुठेतरी दुसरा राउटर बसला आहे. गोदामात वायफाय पोचत नाही म्हणून कोणीतरी बाजारातून राउटर आणला आणि मुख्य ऑफिसातून आलेली वायर त्याच्या वॅन, म्हणजे इंटरनेटची वायर लावायच्या, भोकात खोचली. वॅनचा रंग बहुधा वेगळा असतो, त्यामुळे वायर तिथेच लावावीशी वाटते. इंटरनेट झकास चालतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण त्या राउटरनं स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं केलेलं असतं आणि हाक त्याच्या भिंतीशी थांबते.

दुरुस्ती अशी. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जा. त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरच्या मालिकेतला, पण कोणी वापरत नसलेला द्या. त्याची डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटायची सोय, बंद करा. मग वायर वॅनमधून काढून लॅनच्या (कॉम्प्युटर लावायच्या) भोकात लावा. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी चालू ठेवून वायर लॅनमध्ये लावली तर दोन राउटर एकाच ऑफिसात आपापले पत्ते वाटायला लागतात आणि टॅलीही बसते. हे काम संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर करा. काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना करू नका. राउटरमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडणं त्याहून सोपं.

पत्ते जुळतात पण वायफायवाले दिसत नाहीत? मग ते गेस्ट नावाच्या वायफायवर आहेत का बघा. पाहुण्यांच्या वायफायला आतले कॉम्प्युटर दिसू नयेत, यासाठीच ती सोय असते. मुख्य वायफायवरही एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन असा पर्याय चालू असू शकतो. तो वायफायवरच्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाही.

पत्ता हातानं टाकलेला असेल तर मास्कही तपासा. एकाकडे २५५.२५५.०.० आणि बाकीच्यांकडे २५५.२५५.२५५.० असेल तर इंटरनेट चालतं, पण हाकेचा पत्ता वेगळा निघतो. काही मेसेंजरमध्ये त्यामुळे एकच माणूस गळतो.

पिंग लागत नाही म्हणजे वायर तुटली, असं नाही

इथे पुष्कळ जण चुकीच्या दिशेला जातात आणि विनाकारण वायर बदलतात. पिंग म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरला "आहेस का" विचारणारी कमांड, आणि विंडोजची फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारा पहारेकरी) बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही. म्हणून समोरच्या पत्त्याला पिंग द्या, "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येऊ द्या, आणि लगेच एआरपी ही कमांड डॅश-ए लावून चालवा. येणाऱ्या यादीत त्या पत्त्यासमोर बारा अक्षर-अंकांचा फिजिकल पत्ता दिसला, तर समोरचा कॉम्प्युटर वायरनं पोचलेला आहे. तो फक्त फायरवॉलमुळे बोलत नाही. तो पत्ता यादीत आलाच नाही, तर वायर, स्विच किंवा वायफायकडे वळा.

या एका कमांडनं पुढचं अर्धं काम वाचतं. फिजिकल पत्ता दिसला तर पुढचा भाग वाचा, नाही दिसला तर थेट वायरच्या भागावर जा.

फायरवॉल

माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त वेळा दोष इथेच निघतो.

विंडोज प्रत्येक नेटवर्कला पब्लिक किंवा प्रायव्हेट असा शिक्का मारतो. पब्लिक म्हणजे बसस्टँडवरचं वायफाय समजून आपले दरवाजे लावून घेणं. नेटवर्क कोणतं हे तो राउटरवरून ओळखतो. त्यामुळे इंटरनेटवाल्यानं येऊन राउटर बदलला की विंडोजला तेच ऑफिस नवं नेटवर्क वाटतं आणि पब्लिकचा शिक्का बसतो. "काही केलं नाही, कालपर्यंत चालत होतं" असं सांगणाऱ्याला मी विचारतो, राउटर बदलला का? उत्तर बहुधा हो असतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे आपलं इथरनेट किंवा वायफाय, आणि त्यात प्रायव्हेट निवडा. प्रत्येक कॉम्प्युटरवर.

दुसरी खोच अशी. मेसेंजर पहिल्यांदा उघडतो तेव्हा फायरवॉल परवानगी विचारते. घाईत कोणी कॅन्सल दाबलं, किंवा अॅडमिनचा पासवर्ड नव्हता, की विंडोज त्या प्रोग्रामसाठी अडवणूक करणारा नियम कायमचा लिहून ठेवतो. नंतर तुम्ही परवानगीचा नियम जोडलात तरी उपयोग नाही, कारण अडवणुकीचा नियम त्याच्यावर मात करतो. लोक मेसेंजर काढून पुन्हा टाकतात. तरी चालत नाही, कारण नियम तिथेच असतो. फायरवॉलच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये इनबाउंड रूल्स (आत येणाऱ्यांसाठीचे नियम) उघडा, मेसेंजरच्या नावाचे लाल खुणेचे नियम शोधून काढून टाका, मग प्रोग्राम पुन्हा उघडून प्रायव्हेटला परवानगी द्या.

आता यादीतलं ते विचित्र लक्षण, आधीचे दिसतात आणि नंतर आलेले दिसत नाहीत. तुमची हाक बाहेर जाते. तिला काही सेकंदांत आलेली उत्तरं फायरवॉल आत सोडते, कारण विचारणारे तुम्ही असता. म्हणून जे चालू होते ते यादीत येतात. पण तासाभरानं आलेला माणूस स्वतःहून हाक मारतो, आणि ती न मागता आलेली म्हणून तुमच्या दारात अडते. रिफ्रेश दाबलं की तुमची नवी हाक जाते आणि तोही दिसतो. हे लक्षण असेल तर दोष गायब दिसणाऱ्याकडे नाही, बघणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आहे. कागद भरायला सांगितला तो यासाठी.

मेसेज जातो आणि फाइल जात नाही, तेव्हाही इथेच बघा. यूडीपी आणि टीसीपी या पाठवायच्या दोन पद्धती: आयपी मेसेंजर निरोप यूडीपीनं पाठवतो आणि फाइल टीसीपीनं, दोन्ही २४२५ वरच. नियम हातानं लिहिताना फक्त यूडीपी लिहिला तर फाइल अडते.

अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर विंडोजची फायरवॉल तिच्या हाती गेलेली असते. मग नियम तिथे जोडावे लागतात. खात्री करून घ्यायला फायरवॉल मिनिटभर बंद करून बघायला हरकत नाही, पण त्याआधी राउटरमधली इंटरनेटची वायर काढा आणि बघून झालं की लगेच फायरवॉल चालू करा. "बंद केल्यावर चालतं, मग बंदच राहू दे" हा उपाय नाही. एका कॉम्प्युटरमध्ये शिरलेला व्हायरस शेअर फोल्डरमधून टॅलीच्या डेटापर्यंत जातो, आणि त्याची किंमत मेसेंजरपेक्षा फार मोठी आहे.

एकाच कॉम्प्युटरवर यादी रिकामी आणि वरचं सगळं ठीक, तर व्हीपीएन (इंटरनेटवरून दूरचं नेटवर्क जोडणारा) किंवा व्हर्च्युअल मशीनचा (कॉम्प्युटरात दुसरा कॉम्प्युटर चालवणारा) प्रोग्राम आहे का बघा. आयपीकॉन्फिगमध्ये दोन-तीन जादा पत्ते दिसतील. मेसेंजर भलत्याच पत्त्यावरून हाक मारत असतो. ते जादा नेटवर्क अॅडॉप्टर तात्पुरते बंद करून तपासा.

वायर, स्विच आणि आपला उन्हाळा

इथून पुढे खुर्चीवरून उठावं लागतं.

न दिसणाऱ्या कॉम्प्युटरची वायर स्विचमधल्या दुसऱ्या, चालू असलेल्या भोकात लावून बघा. मग वायरच बदलून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं चाललं ते कळत नाही. स्विचचे सगळे दिवे एकाच तालात भराभर लुकलुकत असतील आणि अख्खं ऑफिस बसलं असेल, तर एकाच वायरची दोन्ही टोकं स्विचमध्ये खोचली गेली आहेत का ते शोधा. साफसफाईनंतर हे होतं. लोंबणारं टोक रिकाम्या भोकात लावून टाकणारा माणूस चांगल्या मनानंच ते करतो.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखाली, कपाटाच्या वर, बंद पेटीत ठेवलेला स्विच दुपारी बसतो आणि संध्याकाळी आपोआप बरा होतो. दुपारीच तक्रार येत असेल तर स्विच खाली, हवेशीर जागी आणा. बऱ्याचदा स्विचपेक्षा त्याचा विजेचा छोटा अॅडॉप्टर आधी थकतो. तेवढ्याच व्होल्ट आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावून बघा, आणि पिनची ध्रुवता जुळते का तेही पाहा. जिनिंगमध्ये रुईची तूस स्विचच्या जाळीवर गादीसारखी बसते. वीज काढून मऊ ब्रशनं झाडा. गोदामात उंदरानं वायर कुरतडली आहे का तेही बघा, विशेषतः जमिनीलगत.

काट्यापर्यंतची वायर मोजा. तांब्याच्या लॅन वायरची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे कधी चालतं, कधी नाही. इमारतीच्या आत वापरायची वायर उन्हात टाकली असेल तर वरचं आवरण काही वर्षांत तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी शिरतं.

अधूनमधून, काही ठरावीक कारण नसताना एकच कॉम्प्युटर गळत असेल तर पत्त्याची टक्कर असू शकते. बोटाच्या हजेरीचं यंत्र किंवा कॅमेऱ्यांचा डीव्हीआर बसवणारा माणूस हातानं एक पत्ता टाकून जातो, आणि राउटर तोच पत्ता दुसऱ्याला वाटतो. अशा यंत्रांचे पत्ते राउटरच्या वाटपाच्या मर्यादेबाहेर ठेवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

सीपीयूच्या पत्र्याला किंवा रॅकला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मेसेंजर विसरा आणि आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरतं. हे तपासायचं काम परवानाधारकाचं आहे, कॉम्प्युटरवाल्याचं नाही.

दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची वायर गेली असेल आणि वळवाच्या पावसात, वीज कडाडल्यावर स्विच किंवा कॉम्प्युटरचं लॅन कार्ड जळालं असेल, तर तीच वायर पुन्हा जोडू नका. तिथे फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारी डबी) लावतात. काचेतून वीज येत नाही. जोडणीला यंत्र लागतं, त्यामुळे हे काम केबलिंगवाल्याकडूनच करून घ्या.

सुरू केल्यावर सगळे दिसतात आणि चार-पाच मिनिटांत गळतात, आणि ऑफिसात मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच आहे, तर बहुधा आयजीएमपी स्नूपिंगचा, म्हणजे गटाची हाक कोणाला पोचवायची ते स्विच ठरवतो त्या सोयीचा, घोळ असतो. मल्टिकास्ट, म्हणजे सगळ्यांऐवजी ठरावीक गटाला हाक, वापरणाऱ्या मेसेंजरना तो बाधतो. ज्यानं तो स्विच लावला त्यालाच बोलवा, त्यात व्हीलॅनही (एकाच स्विचमध्ये पाडलेली वेगवेगळी नेटवर्क) असू शकतात.

बँक, सरकारी कार्यालय किंवा डोमेनवर (सगळे कॉम्प्युटर एका मुख्य सर्व्हरच्या ताब्यात) चालणारं मोठं ऑफिस असेल तर फायरवॉलला हातही लावू नका, तिथल्या आयटी विभागाला सांगा. आणि धुळ्याच्या शाखेला जळगावच्या ऑफिसातला मेसेंजर दिसावा असं हवं असेल, तर राउटरवर २४२५ पोर्ट इंटरनेटला उघडून देणारा सल्ला ऐकू नका. हाक राउटरपलीकडे जात नाही, आणि उघडलेल्या दारातून भलतेच येतात. त्यासाठी जाणकाराकडून व्हीपीएन टाकून घ्या आणि ओपनफायरसारखा सर्व्हरवर चालणारा मेसेंजर बसवा. तीस-चाळीस कॉम्प्युटरांच्या पुढे गेलात तर एका जागेतही मी तेच सुचवतो.

माणूस बोलवाल तेव्हा त्याला तीन गोष्टी हातात द्या: कोण कोणाला दिसतं तो कागद, दोन्ही कॉम्प्युटरांचे पत्ते आणि मास्क, आणि राउटर किंवा स्विच शेवटचा कधी बदलला ते. नाहीतर पहिला तास तो हेच शोधण्यात घालवेल आणि त्याचे पैसे तुम्ही द्याल.